मीठ बघायला माणूस

बारामतीला काय बघायला जाताय, असं आमच्या गावात ज्यानं त्यानं विचारलं. आमचं गाव दापोलीच्या खाली, समुद्राला लागून. तिथला माणूस घाट चढून वर गेला, की तो एकतर देवाला गेला असणार, नाहीतर कोर्टात, नाहीतर दवाखान्यात, अशी सर्वांची ठाम समजूत आहे. आमचा दवाखाना गेल्या वर्षीच उरकला होता. आम्ही निघालो होतो मुलाकडे, केदारकडे. तो लोणी देवकरच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि बारामतीत भिगवण रस्त्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो.

दवाखान्याचं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, घशात गाठ निघाली. किरणांचे उपचार झाले आणि गाठ गेली, पण जाताना जिभेची चव घेऊन गेली. वास येतो, गरम-गार कळतं, तिखट नुसतं भाजतं. गोड, खारट, आंबट, कडू यांतलं काही म्हणजे काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. एवढं शिकून माणसं इतकं मोघम कसं बोलू शकतात, याचा मला तेव्हा फार राग आला होता.

दुसऱ्या कुणाची चव गेली असती तर तो जेवताना हळहळला असता, इतकंच. सुनंदाचं तसं नव्हतं. आमच्या घराच्या मागच्या खोल्यांत पर्यटक उतरतात आणि ते समुद्रापेक्षा तिच्या हातच्या जेवणासाठी येतात. आजारपणानंतरच्या गणपतीत तिनं पहिल्यांदा पाहुण्यांसाठी रांधलं. मी वाढत होतो, त्यामुळे शेवटी जेवणार होतो. पाहुणे गप्प जेवले, छान झालंय म्हणाले आणि उठले. ताटं मागीलदारी आली तेव्हा वालाची उसळ जवळजवळ तशीच होती. मीठ दोनदा पडलं होतं. सुनंदानं ती ताटं बघितली, डाव घासून खुंटीला लावला आणि त्यानंतर ती चुलीपुढे उभी राहिली नाही. शेजारची विमल येऊन आमच्या दोघांपुरतं करायची. खोल्या रिकाम्या राहिल्या.

केदारचं म्हणणं सरळ होतं. "घराला कुलूप लावा आणि इकडे या. मे महिन्याच्या सुट्टीसाठी लोक आत्ताच मला फोन करायला लागलेत. त्यांना एकदाचं नाही म्हणून टाकूया." त्याचं चुकत नव्हतं. सुनंदा म्हणाली, "जाताना सांगते. आधी तुझं गाव बघू दे. माझ्या हातचं तर गेलंच, दुसऱ्यांच्या हातचं कसं असतं ते बघते." एवढ्यासाठी आम्ही बारामती आणि इंदापूरची हॉटेलं पालथी घातली. आम्हाला खवय्ये म्हणायचं कारण नाही. आमच्यातल्या एकीला तर खाल्लेलं कळतच नव्हतं.

भिगवण रस्ता

केदार सकाळी कारखान्याच्या बसनं गेला, की आम्ही दोघं रस्त्याला लागायचो. हा रस्ता रुंद आणि मोकळा आहे, मधे दुभाजकावर झाडं लावलेली. आमच्या बाजारपेठेत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो; इथं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन शांतपणे जातो आणि मागचे गाडीवालेही शांतपणे थांबतात. कॉलेजच्या मुलामुलींची गर्दी असते. त्यांच्यासाठी एकाला लागून एक कॅफे आहेत, काळ्या भिंतींचे, पिवळ्या दिव्यांचे. दुपारी बारा वाजता आत शिरलं तर संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं.

पहिल्याच कॅफेत आम्ही आत गेल्यावर मुलामुलींच्या माना खाली गेल्या. आपल्यातल्याच कुणाचे तरी आई-वडील आले असणार, असं त्यांना वाटलं असावं. मग कुणाचेच नाही म्हटल्यावर सगळे सैलावले. मी कॉफी मागवली. कपावर दुधाच्या फेसाचं पान काढलेलं होतं. आमच्याकडे कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, आजाऱ्याला द्यायची. ही चांगलीच कडू होती. सुनंदानं कप नाकाशी धरला, खूप वेळ धरला, आणि म्हणाली, "भाजलेल्या चिंचोक्यांसारखा वास आहे." मग एक घोट घेऊन तिनं कप खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली.

हे तिचं नवीनच सुरू झालं होतं. मी खाताना ती माझ्या तोंडाकडे बघायची. चव माझ्या भुवयांवर उमटते, असं तिचं म्हणणं. अशानं माणसाला घास गोड लागत नाही. मी एकदा चिडून म्हटलंही, "जेवू दे की सुखानं." तर म्हणाली, "जेवा ना. मी कुठे काय म्हणतेय?" आणि भिंतीवरच्या चित्राकडे बघायला लागली. मला फार वाईट वाटलं.

काउंटरवरच्या मुलीनं येऊन विचारलं, "कशी होती कॉफी, काकू? आमी नवीनच मशीन घेतलंय."

"छान," सुनंदा म्हणाली.

असंच सगळीकडे. गुळाच्या चहाच्या टपरीवर छान, पावभाजीच्या गाडीवर छान. मटण थाळीच्या हॉटेलात बाजरीची भाकरी, सुकं, काळा रस्सा आणि वर पाहिजे तितका रस्सा पुन्हा, असा थाट असतो. वाढपी बादली घेऊन सारखा फिरत असतो आणि नको म्हटलं तर त्याला खरं वाटत नाही. "आवो पाव्हणं, एवढ्यानं काय हुतंय? घ्या की," म्हणत तो वाढतोच. आमच्याकडे आम्ही आग्रह करतो, पण नको म्हटल्यावर लगेच थांबतो. देशावर ती पद्धत नाही. सुनंदानं भाकरी चुरून त्यात रस्सा ओतला, इकडच्या लोकांसारखी जेवली आणि तिथेही छान म्हणून आली. तिच्या चवीचं तिनं बाहेरच्या कुणालाही सांगितलेलं नव्हतं. नात्यातही नाही. लोक कीव करतात, ती तिला नको होती.

एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. हा सगळा मुलूख द्राक्षाचा, जवळपास वाईन तयार होते, पण भिगवण रस्त्यावरच्या कॅफेत कुणापुढे वाईनचा पेला म्हणून दिसला नाही. मुलं कोल्ड कॉफी पितात आणि मोठी माणसं चहा. वाईन पुण्या-मुंबईला जाते, असं केदार म्हणाला. आमचा हापूस तरी कुठे आमच्या तोंडी लागतो?

कऱ्हाटी

रविवारी केदारनं आम्हाला गाडीनं कऱ्हाटीला नेलं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाच्या वडिलांची तिथं द्राक्षबाग आहे. त्यांना सगळे तात्या म्हणतात. पांढरी टोपी, उन्हानं भाजलेली मान, बोलणं कमी. बाग तोडणीला आलेली होती. मांडवाखाली शिरताना आम्हाला वाकावं लागलं. घड डोक्याशी लोंबत होते आणि खाली जमिनीवर उन्हाचे नुसते ठिपके पडले होते. आमच्याकडे पोफळीच्या बागेत असाच गारवा असतो, पण तिथं ओल असते. इथं पायाखाली कोरडी माती आणि ठिबकच्या नळ्या.

एका बाजूच्या ओळी वाईनच्या द्राक्षांच्या होत्या. मणी बारीक, काळपट, साल जाड आणि आत बिया. तात्यांनी एक मणी चिमटीत फोडून त्याचा थेंब एका नळकांड्याच्या काचेवर सोडला आणि ते नळकांडं सुनंदाच्या हातात दिलं. "हितनं बगा, वहिनी. उजेडाकडं धरा. निळं आन् पांढरं जितं मिळतंय, तितं साखर किती भरली ते कळतंय."

सुनंदा एक डोळा मिटून बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे गोडी डोळ्यांनी बघायची," ती म्हणाली.

"व्हय. जिभेचं काय खरं न्हाय. सकाळी एक सांगती, दुपारी एक."

मग त्यांनी खायच्या द्राक्षांचा घड तोडून तिच्या ओंजळीत ठेवला. "खाऊन बगा. ग्वाड हाय का?"

सुनंदानं मणी तोंडात टाकला. तात्या तिच्याकडे बघत होते, केदार बघत होता, मी बघत होतो. वर्षभराच्या मेहनतीनंतर माणूस ज्या आशेनं विचारतो, त्या आशेनं त्यांनी विचारलं होतं. "खूप गोड," ती म्हणाली. तात्यांचा चेहरा खुलला. परतताना ती गाडीत मागे बसली आणि बारामती येईपर्यंत तो घड तिच्या मांडीवर तसाच राहिला. फ्लॅटचा जिना चढताना मला म्हणाली, "दर वेळी खोटं बोलून मी दमले हो. केदारला सांगून टाकते, कुलूप लावू. इथं केदारच्या घरात निदान कोणी विचारायला येणार नाही."

ते घर तिच्याशिवाय मला चालवता येत नव्हतं आणि तिच्या जागी मी असतो तर याहून लवकर दमलो असतो. तिनं केदारला उद्या संध्याकाळी सांगायचं ठरवलं.

इंदापूर

दुसऱ्या दिवशी केदारला उशिरा कामावर जायचं होतं, म्हणून त्यानं गाडीनं आम्हाला इंदापुरात सोडलं आणि तो मागे लोणी देवकरला गेला. संध्याकाळी न्यायला येणार होता. इंदापूर बारामतीपेक्षा जुनं आणि अडचणीचं वाटतं, आणि म्हणून मला ते जास्त आवडलं. मोठ्या रस्त्यावर खताची दुकानं, भांड्यांची दुकानं, आणि मधूनच तळलेल्या चिलापी माशाचा वास. उजनीच्या पाण्यातला मासा. सुनंदानं नाक मुरडलं. "चिखलाचा वास आहे," म्हणाली. समुद्राकाठच्या बाईला गोड्या पाण्यातला मासा कधी मानवत नाही, त्याचा चव जाण्याशी संबंध नाही.

रमजान चालू होता. पेठेच्या टोकाशी एका खानावळीच्या दाराला पडदा लावलेला होता आणि आतून मटण शिजल्याचा वास येत होता. सुनंदा थांबली. "खोबरं अगदी बरोबर भाजलंय," ती म्हणाली, आणि आम्ही आत गेलो.

लहानशीच जागा. बाकडी, पाण्याचं पिंप, भिंतीवर कॅलेंडर. मालकीण शमीम नावाची, चाळिशी उलटलेली, डोक्यावर पदर. आत तिची सून नसरीन भाकऱ्या थापत होती. "बसा मावशी, बसा काका. जेवण जरा येळानं हुईल. एक आर्डर हाय जावळाची, ती एकदा टेंपोत गेली की तुमचं वाढते." बाळाचे पहिले केस काढताना इकडे गावाला मटणाचं जेवण घालतात. त्या जेवणाचा रस्सा आत मोठ्या पातेल्यात उकळत होता.

थोड्या वेळानं आत दोघींची कुजबूज सुरू झाली. मग आवाज वाढला.

"तू टाकलं व्हतंस का?"

"टाकलं की, अम्मी. तुमी कोथमीर निवडाया बसला तवाच."

"आगं पण मी बी टाकलं!"

"मग पहिल्यांदा सांगायचं न्हाय व्हय!"

शमीम डाव घेऊन बाहेर आली. डावात रस्सा होता, वाफाळणारा. ती सुनंदासमोर उभी राहिली. "मावशी, येक काम हाय, राग मानू नका. जरा मीठ बगताय का? आमा दोघींचा रोजा हाय. रोज शेजारची मंगल येऊन चाखती, पर ती आज वालचंदनगरला भैनीकडं गेली. टेंपो आता यील, आन् मीठ दोनदा पडलंय का कसं, कायबी कळंना."

मी उठायला लागलो, तर सुनंदानं हातानं मला खाली बसवलं. तिनं तळवा पुढे केला. शमीमनं रश्शाचा थेंब त्यावर टाकला. आता ही छान म्हणणार, मला वाटलं. दुसऱ्याच्या घरचं कार्य, पाहुणे जेवायला बसणार, आणि ही छान म्हणणार.

सुनंदा तळव्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला चव येत नाही गं. आजारपणात गेली. मला खारट-अळणी काही कळत नाही."

परक्या गावात, परक्या बाईला तिनं ते सांगितलं. कीव करण्याइतका वेळ शमीमकडे नव्हता, आणि ते फार बरं झालं.

"म्हंजी तुमचा रोजचाच रोजा की, मावशी," ती म्हणाली. "मग घरी सैपाक कोन करतं?"

"मी करायची. सोडला. चव कळत नाही तर कसा करणार?"

"आवो, आमी म्हैनाभर करतोच की! थेंब जिभेला लावत न्हाय. हात करतोय, नाक करतंय."

"हात मलाही आहे," सुनंदा म्हणाली. तिचा आवाज जरा चढला होता. "जन्मभर नैवेद्याचा स्वयंपाक केला, एकदासुद्धा चाखला नाही. देवाच्या आधी कोण चाखतं? पण चुकलं. पाहुण्यांच्या पानात मीठ दोनदा पडलं."

"आमचं बी आत्ता पडलंच न्हवं का?" शमीम म्हणाली. "चुकतंयच. त्याला काय करायचं? म्हून तर चाखाया मानूस लागतं. दारात उभं ऱ्हायाचं, कुनीबी दिसलं की हाक मारायची, बाबा रे, मीठ बग. त्यात लाज कसली? तुमच्यात न्हाय का कुनी बगनारं?"

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मी स्वयंपाकघरात उपयोगी पडेन.

मी डाव घेतला. फुंकर घालून एक घोट प्यालो. रस्सा खारट होता, चांगलाच खारट. गणपतीत परत आलेल्या त्या ताटांनंतर मीठ हा शब्दच आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. "खारट आहे," शेवटी मी म्हणालो.

"किती?" दोघींनी एकदम विचारलं.

"अंऽ... खारट."

"अहो, किती ते सांगा नीट," सुनंदा म्हणाली. "जीभ आत ओढली जाते, का नंतर पाणी प्यावंसं वाटतं?"

"पाणी प्यावंसं वाटतं."

"मग सुधारता येईल." ती उठली, दाराशी चपला काढल्या. "मी आत आले तर चालेल ना गं?"

"या की! त्यात काय इचारायचं?"

त्यानंतरचं मी दारात उभा राहून बघितलं. नुसतं पाणी ओतू नको, रस्सा उतरेल, सुनंदा म्हणाली. शमीमनं सुकं खोबरं आणि कांदा पुन्हा भाजायला घेतला. "खाली लागतंय, काढ," सुनंदा तव्याकडे पाठ असताना म्हणाली, आणि खोबरं खरंच लागायला आलं होतं. बिनमिठाचं वाटण झालं. नसरीननं बटाटे सोलून टाकले, कढत पाणी घातलं. दर उकळीला मला हाक यायची. "काका, या!" मी प्यायचो आणि सांगायचो. अजून जास्त आहे. अजून. थोडंसं. भाकरीबरोबर बघू दे. आता ठीक आहे. माझी जीभ भाजली, पोट रश्शानं भरलं, आणि टेंपोवाला बाहेरून हॉर्न वाजवत होता.

"ठीक म्हणजे ठीक, का माझं मन राखायला?" सुनंदानं विचारलं.

"हा तुझा रस्सा नाही," मी म्हणालो. "शमीमचा आहे. मन राखायचं तर तिचं राखेन."

यावर नसरीन पिठाच्या हातानं तोंड झाकून हसली. पातेलं टेंपोत चढलं आणि गेलं. मग शमीमनं आम्हाला जेवायला वाढलं. वाढणारीला खाता येत नव्हतं आणि खाणारीला चव कळत नव्हती. तरी त्या दोघी समोरासमोर बसून मिठाबद्दल बोलत होत्या, जाडं मीठ मुठीत किती राहतं आणि बारीक किती, आणि उन्हाळ्यात घामेजलेल्या हाताला ते जास्त कसं चिकटतं. मी मुकाट्यानं जेवलो.

संध्याकाळी केदार आला. गाडी इंदापुरातून बाहेर पडल्यावर त्यानं विचारलं, "आई, काय ठरलं? मी लोकांना काय कळवू?"

"या म्हणून कळव," सुनंदा म्हणाली.

त्यानं गाडीचा वेग कमी केला. "चव आली?"

"नाही. बहुतेक यायची नाही."

"मग?"

"तुझे बाबा आहेत ना," ती म्हणाली, आणि काच खाली करून उसाच्या फडांकडे बघत बसली.

घरी

आम्ही परत आलो त्याला आता दीडेक महिना झाला. चव आलेली नाही. ती येईल अशी आशा मी अजून सोडलेली नाही, पण सुनंदानं सोडली आहे आणि ती माझ्यापेक्षा सुखी दिसते.

मेच्या सुट्टीतले पहिले पाहुणे पुण्याचे होते, दोन कुटुंबं, मुलंबाळं. पानं मांडली होती, सगळे पाटावर बसले होते. मी पाणी वाढत होतो. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात डाव, डावात सुरमईचं कालवण. हळू आवाजात मला आत बोलावता आलं असतं. तिनं तसं केलं नाही.

"अहो, इकडे या," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मला चव येत नाही, आमचे हे मीठ बघतात. थोडं थांबा हं."

एक लहान मुलगी मान वर करून आमच्याकडे बघायला लागली. मी तांब्या खाली ठेवला, तळवा पुढे केला, तिनं त्यावर कालवण ओतलं. 

मी चाखलं.

"जास्त झालंय," मी म्हणालो.

"किती?" तिनं विचारलं, आणि पदर खोचून आत वळली.